येतो म्हणावं

आगीचा बंब माणसानं कुठल्या वयापर्यंत चालवावा, हे ठरवायला मीटिंग बसली आणि चहाच्या दोन किटल्या संपल्या तरी काही ठरेना. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकपासून जरा आतल्या त्या गावात फायर स्टेशन म्हणजे काय, तर एक शेड, एक बंब आणि फुकटात आगी विझवणारी हौशी मंडळी. कॅप्टन डेरेक आधी "सत्तर" म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं, एप्रिलमध्ये त्यालाच सत्तर पूर्ण होतायत. "बरं, पंचाहत्तर," म्हणाला, तर पाण्याचा पाइप धरणाऱ्या म्हाताऱ्या टोनीनं हातातलं बिस्किट रागानं परत डब्यात टाकलं. शेवटी ठरलं, आकडा नकोच. ज्यानं त्यानं आपलं आपण ओळखून थांबावं. एवढं ठरवून सगळ्यांनी तनूकडे बघितलं.

कारण खरा प्रश्न होता तनूच्या आजोबांचा. उल्हासआजोबांनी साउथहॅम्प्टनला जन्मभर बस चालवली, रिटायर होऊन या गावात आले आणि बंबाचं स्टिअरिंग हातात घेतलं. गेल्या आठवड्यात मात्र त्यांनी स्टेशनसमोरच्या बोलिंग क्लबच्या हेजची, म्हणजे झुडपांच्या कुंपणाची, डावी बाजू पार भादरून टाकली. तेही आग नसताना, नुसत्या प्रॅक्टिसला! तनूनं नुकतंच मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं होतं, पण आजोबा त्या सीटवरून उतरल्याशिवाय ती चढणार कशी? आणि ज्यांनी तिला सायकलसुद्धा शिकवली, त्यांना "उतरा" म्हणणार कशी?

"यू शेअर द लँग्वेज," डेरेक म्हणाला. "तूच विचार. जेंटली."

आता तनूचा जन्मच इथला. तिचं मराठी आपलं घरापुरतं. मंगळवारी संध्याकाळी आजोबा किचनमध्ये मटार सोलत बसले होते, तिथे ती गेली आणि एका दमात बोलून मोकळी झाली, "आजोबा, डेरेक विचारतोय, ड्रायव्हिंगचं काय ठरली तुमची?"

आजोबांचा हात थांबला. डोळे भरून आले. सोललेले मटार बाजूला सारून एवढंच म्हणाले, "डेरेकला सांग, येतो म्हणावं."

झालं! तनूनं जड मनानं मेसेज केला, "ही सेज ही इज कमिंग."

डेरेक हादरला. मग त्यानं स्वतः प्रयत्न केला. पोस्ट ऑफिसच्या दारात आजोबांना गाठून म्हणाला, "उल्हास, बागेला जरा जास्त वेळ द्यावासा वाटत असेल, नाही का?" आजोबांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. भावना अनावर झाल्या की आजोबांचं इंग्लिश मराठीत चालायचं. "सो मेनी इयर्स, डेरेक. थँक यू. सो... आय ॲम कमिंग."

"हा माणूस जायचं नावच घेत नाही!" डेरेक फोनवर तनूला म्हणाला. "आणि रडत होता गं. इतकं प्रेम आहे त्याचं बंबावर?"

तनूला काहीच कळेना. शनिवारी स्टेशनवर चहा होता, त्याला आजोबा चक्क सूट-टाय घालून आले. वैजयंतीआजी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन आली आणि एकेकाच्या हातात वडी देत "इतकी वर्षं सांभाळून घेतलंत हो," म्हणत फिरली. कशाबद्दल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण वड्या छान होत्या.

तेवढ्यात सगळ्यांचे पेजर कोकलले. क्रिकेट पॅव्हेलियनमागे कचऱ्याच्या डब्याला आग! आजोबा उठले, हात जोडले, सगळ्यांवरून नजर फिरवली. "चला मंडळी, येतो."

"काय म्हणाला?" डेरेकनं विचारलं.

तनूनं डोळे मिटले. "कमिंग."

चारचौघांत माणूस स्वतःहून येतो म्हणतोय, त्याला तोंडावर नाही म्हणणं डेरेकच्या सात पिढ्यांत बसत नव्हतं. त्यानं किल्ली आजोबांच्या हातात ठेवली. आजोबांनी किल्ली कपाळाला लावली. मग गहिवरून म्हणाले, "वैजू, बघ कशी माणसं आहेत. निरोपाची फेरी मारून आणतायत."

ती फेरी गाव विसरणार नाही. सायरन बोंबलतोय, बंब बैलगाडीच्या चालीनं चाललाय आणि आजोबा खिडकीतून दोन्ही बाजूंना हात हलवतायत. पॅव्हेलियनला पोचेपर्यंत चर्चच्या पाद्रीबाईंनी चहाची अख्खी किटली ओतून आग विझवलीसुद्धा होती. बंब परत शेडसमोर आला, तेव्हा डेरेक आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"उल्हास! यू कीप कमिंग! वी वॉन्ट यू टू गो!"

"अरे पण मी मंगळवारपासून जातोच आहे ना!" आजोबाही ओरडले. "तनूला सांगितलं, तुला सांगितलं! मला रात्री हेज दिसत नाही रे, मला कुठे चालवायचाय बंब!"

तनू मध्ये पडली. "आजोबा, तुम्ही तर येतो म्हणाले!"

"मग काय म्हणू?"

"जातो म्हणा ना!"

"अगं बाई!" आजीच्या हातातला डबा खाली पडला. "काय अभद्र बोलतेस! निघताना जातो म्हणतात का कधी? गेलेलं माणूस परत यावं म्हणून येतो म्हणायचं."

तनूनं हे सगळं डेरेकला समजावलं. डेरेक मटकन बंबाच्या पायरीवरच बसला. थोड्या वेळानं आजोबांनी किल्ली तनूच्या हातात दिली आणि पेजर पुन्हा कोकलले. कचऱ्याच्या डब्यात धग राहिली होती.

तनू टुणकन उडी मारून सीटवर बसली. इंजिन सुरू. "आजी, मी जातो!"

आजी दोन्ही हात पसरून बंबासमोर उभी राहिली.

"आजी, आग लागलीये!"

"लागू दे. आधी येते म्हण."

सायरनमध्ये तनूला ऐकूच येईना. शेवटी शेजारच्या सीटवरून डेरेक अर्धा बाहेर लोंबकळत बोंबलला, "वैजयंती! ये-टो! वी आर ऑल ये-टो!"

आजी बाजूला झाली. तनूनं झोकात वळण घेतलं आणि हेजची उजवी बाजू साफ झाली.

आजोबा टायची गाठ सैल करत बघत होते. "चला," ते म्हणाले, "आता दोन्हीकडून सारखी दिसतेय."