बोट एनोकाचं, साखर पेरुसीची

धाकट्या ओलिवला मागणी घालायला बोसाची माणसं दोन गाड्या भरून आली, ते साल २०१४. गाड्यांमधून गाईचं मांस उतरलं, रॉकेलचे डबे उतरले, साबणाच्या लांब वड्या उतरल्या, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेताने, साखरेची दोन पोती उतरली. साखरेशिवाय मुलगी देतं कोण? गंमत इतकीच, की नवरामुलगा बोसा सरकारी दवाखान्यात नर्स होता, आणि त्याच महिन्यात त्याच्या अंगावर गावाची साखर मोजायचं काम येऊन पडलं होतं.

जिल्ह्याने ठरवलं होतं, की चाळिशी उलटलेल्या प्रत्येक माणसाचं बोट टोचून रक्तातली साखर बघायची. ज्याची जास्त निघेल त्याला कार्ड द्यायचं, गोळ्या द्यायच्या, आणि रोज सकाळी सातला त्याच्या फोनवर काय खावं, काय खाऊ नये याचा निरोप पाठवायचा. बोसाने दोन महिन्यांत दोनशे अकरा बोटं टोचली. सासऱ्यांनी, म्हणजे एनोकाने, "मी शहरात तपासून घेतलंय, मला काही नाही," असं सांगितलं. सासऱ्याला खोटं कोण ठरवणार? बोसाने ते लिहून घेतलं. उरली एकटी सासू, पेरुसी.

सासूने आणि जावयाने एकमेकांच्या समोर यायचं नाही हे मूलही जाणतं. वाटेत गाठ पडलीच तर एकाने केळीत शिरायचं. आणि चुकून हाताला हात लागला तर सासूला कंप सुटतो, तो जन्माचा. पेरुसीच्या मावशीला सुटला होता. ओढा ओलांडताना तिचा पाय घसरला आणि जावयाने तिला धरलं. मरेपर्यंत ती म्हणायची, "त्यापेक्षा वाहून गेले असते तर बरं." घरात तिला कधी कुणी भरलेला कप दिला नाही.

"आई, त्याच्या साहेबांनी विचारलंय," ओलिव म्हणाली. "म्हणाले, सगळं गाव टोचलंस आणि स्वतःची सासू टोचता येत नाही?"

"त्याच्या साहेबाला म्हणावं, तू आपल्या सासूचा हात धरून दाखव."

शेवटी ओलिवनेच तोड काढली. दारात चटई टांगायची. चटईच्या वेताच्या पट्ट्या सारून बोटापुरतं भोक करायचं. आई आत बसेल, बोसा बाहेर बसेल. आईने बोट बाहेर काढायचं, त्याने डोळे फक्त बोटावर ठेवायचे.

मंगळवारी सकाळी उपाशीपोटी पेरुसी चटईमागे बसली. बाहेरून बोसाचा खाकरण्याचा आवाज आला.

"आई, बोट द्या. मी नुसतं टोकाला धरणार."

धरणार. पेरुसीने बोट आखडून घेतलं. मावशीचे हात तिच्या डोळ्यांपुढे आले. शेजारी एनोका चहाची वाट बघत बसला होता. तिने त्याच्या दंडाला धरून ओढलं आणि कानात म्हणाली, "अहो, तुमचं बोट द्या."

"माझं कशाला?"

"तुम्ही पुरुष. तुम्हाला कंप सुटत नाही. द्या लवकर, बाहेर थांबलाय तो."

एनोकाने क्षणभर विचार केला. शहरात तो तपासायला गेलाच नव्हता. दवाखान्याच्या दारापर्यंत गेला होता आणि तिथून डुकराचं मटण खाऊन परत आला होता. त्याच्या थोरल्या भावाचा पाय साखरेने गेला होता, तेव्हापासून त्याला डॉक्टरांच्या तोंडून काही ऐकायचं नव्हतं. पण इथे नाव त्याचं नव्हतं.

"बरं," तो कुजबुजला. "बोट माझं, पण नाव तुझं. साखर निघाली तर तुझी."

त्याने बोट बाहेर घातलं. चाळीस वर्षं कुदळ धरलेलं ते बोट पाहून बोसाला वाटलं, सासूबाईंनी फार कष्ट उपसलेत. त्याने भक्तिभावाने टोचलं.

आकडा आला एकोणीस. सहाच्या आसपास हवा होता.

कार्ड आलं, 'पेरुसी, क्रमांक २१२'. गोळ्या आल्या. त्या दिवशी पेरुसीचं जेवणावर लक्ष लागेना. नवरा रात्रीतून चारदा उठतो, घागर रिकामी करतो, चालताना चप्पल पायातून गळते तरी त्याला कळत नाही, हे सगळं तिला दिसत होतं. आता त्याला आकडा मिळाला होता.

"अहो, तुम्हाला साखर आहे."

"मला? कार्डावर नाव कुणाचं?"

"बोट तुमचं होतं."

"बोटाला कोण विचारतं? सरकारी कागद काय खोटं बोलतो? तू आजारी आहेस. जपून राहा."

आणि तो निवांत चहा प्यायला बसला, चार चमचे घालून.

जावयाला खरं सांगावं, तर फसवलं कशाला म्हणून तोंड दाखवायची सोय नाही. अर्थात तोंड तसंही दाखवायचं नव्हतंच, पण लेकीला तर दाखवावं लागणार. पेरुसीने दोन दिवस विचार केला आणि ठरवलं, की मुकाट्याने नवऱ्याला बरं करायचं. त्याला कळू न देता.

गोळ्यांचं सोपं होतं. "गुडघ्याच्या आहेत, जावईबापूंनी तुमच्यासाठी पाठवल्या," म्हटल्यावर एनोकाने त्या आनंदाने घेतल्या. चौथ्या दिवशी गुडघा हलका वाटतो असंही म्हणाला.

अवघड होतं ते ताटाचं. सकाळी सातला फोन वाजायचा. 'मान्यवर पेरुसी, आज अर्धं ताट हिरवी भाजी घ्या. उकडलेल्या कच्च्या केळीचा मटोके मुठीएवढाच.' आठला ओलिव हजर. तिला नवऱ्याने सगळं शिकवलं होतं, आणि नव्याने शिकलेल्या माणसासारखी ती कडक होती. आईच्या ताटात ती डोडोची पालेभाजी रचायची आणि त्याच्या कडेला मुठीएवढा मटोके ठेवायची, तोही आपली मूठ आवळून मोजलेला. बापाच्या ताटात मात्र केळीच्या पानातून वाफाळता मटोके डोंगरासारखा, वर शेंगदाण्याची आमटी, बाजूला रताळं.

"आई, हे तुझं. ते बाबांचं. बदलायचं नाही."

"मी कशाला बदलू?" पेरुसी म्हणायची.

नवऱ्याचं ताट नेऊन गुडघे टेकून त्याच्यापुढे ठेवायचं काम बायकोचं. ओलिवला त्यात हात घालता येत नव्हता. स्वयंपाकाच्या खोपटापासून घरापर्यंत वीस पावलं, आणि मधे केळीचा एक दाट झुबका. पेरुसी दोन ताटं घेऊन झुबक्यात शिरायची आणि दोन ताटं घेऊन बाहेर यायची. एवढंच, पण तेवढ्यात ताटांनी धनी बदललेले असायचे.

"हे काय?" एनोका ताटाकडे बघून म्हणाला.

"केळीला कीड लागलीय. टंचाई आहे."

एनोकाने दारातून बाहेर पाहिलं. समोर तेरा घड लोंबत होते.

"कुठल्या केळीला?"

"आतून लागते ती. दिसत नाही."

तो जेवला. बायकोच्या हातचं नाकारायचं आणि मग तिच्याशी बोलत बसायचं, त्यापेक्षा भाजी खाल्लेली बरी.

आता राहिला डोंगर. शिजवलेलं अन्न टाकणं पाप, आणि ओलिव उरलेलं तपासायची. तेव्हा पेरुसी खोपटामागे बसून तो डोंगर रोज एकटी संपवायची. पहिल्या आठवड्यात तिला ते जड गेलं. दुसऱ्यात सवय झाली. तिसऱ्या आठवड्यापासून ती नवऱ्यासाठी लोकांनी आणलेला पिकलेला फणसही तिथेच बसून खाऊ लागली. घरात ठेवला तर तो खाईल. फणस सोनेरी, मधासारखा. त्याग इतका गोड असेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दर मंगळवारी चटई टांगली जायची, आणि दर मंगळवारी एनोका बोट द्यायचा. "तुझी साखर किती झाली बघू," म्हणायचा. एकोणीसची पंधरा झाली, पंधराची अकरा, अकराची साडेआठ. बोसाने दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता लावला. नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण दोनशे बारा म्हणजे कोण, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

आता पलीकडच्या घरची केझिया. तिचं कार्ड एकशे चाळीस. साखर तेरा, आणि खाली यायचं नाव नाही. एक दिवस ती मीठ मागायला मागच्या वाटेने आली. खोपटामागे पेरुसी दोन्ही हातांनी फणस खात होती. समोर रिकामं ताट, त्याला शेंगदाण्याची आमटी लागलेली.

केझियाने मीठ मागितलं नाही. ती थेट दवाखान्यात जाऊन तक्त्यापुढे उभी राहिली. मग विहिरीवर गेली.

"तो बोसा आपल्याला पालापाचोळा खायला सांगतो," ती बायकांना म्हणाली, "आणि सासूला गुपचूप खरं औषध देतो. मी डोळ्यांनी पाहिलं. फणस. पोटभर. वर मटोके."

"आणि साखर?"

"साडेआठ."

एका आठवड्यात गावातल्या झाडांवर फणस उरला नाही. म्हाताऱ्या उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली बसायच्या. कुणी गरे वाळवून पिशवीत ठेवले, जेवणानंतर घ्यायला. बोसा पुढच्या तपासणीला बसला तर सगळ्या बोटांचे आकडे चढलेले. त्याने यंत्राची बॅटरी बदलली. मग यंत्र बदललं. मग जिल्ह्याला कळवलं, की इथे काहीतरी साथ आली आहे.

जिल्ह्याहून डॉक्टर अपियो आल्या. उत्तरेकडच्या, उंच, कमी बोलणाऱ्या बाई. दवाखान्यापुढच्या फणसाखाली सभा भरली. पुढच्या खुर्च्यांवर म्हातारी पुरुषमंडळी होती, त्यांत एनोका. बायका चटयांवर. बोसा डॉक्टरांच्या शेजारी उभा होता आणि सासू बसली होती त्या बाजूला त्याने उघडी छत्री आडवी धरली होती.

"कुणी सांगितलं फणसाने साखर उतरते?" डॉक्टरांनी विचारलं.

पन्नास माना पेरुसीकडे वळल्या.

"तक्ता सांगतो, डॉक्टर," केझिया म्हणाली. "आम्ही अडाणी, पण तक्ता वाचता येतो. तिची एकोणीसवरून साडेआठ. माझी तेरावरून बावीस. मी दोन फणस जास्त खाते म्हणते, आज ना उद्या मलाही लागू पडेल."

तिच्या घोट्याला फडकं बांधलेलं होतं. त्यातून पिवळं पाणी येत होतं. पेरुसीने ते पाहिलं. एनोकाच्या भावाच्या पायालाही सुरुवातीला असंच फडकं होतं. मग फडकं मोठं होत गेलं आणि पाय लहान.

पेरुसी गुडघ्यांवर उभी राहिली.

"फणस खाऊ नका," ती म्हणाली. "फणस मी खाते. साखर ह्यांची उतरते."

"कुणाची?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझ्या मालकांची. बोट त्यांचं आहे."

मग तिने सगळं सांगितलं. मावशीचा कंप, चटई, ताटं, केळीचा झुबका. गुडघ्याच्या गोळ्यांपाशी आली तेव्हा एनोकाने नकळत आपला गुडघा चाचपला. छत्री हळूहळू खाली येऊ लागली, मग बोसाला भान आलं आणि ती झटकन वर गेली. छत्रीमागून आवाज आला, "तरी म्हटलं, बोटावर केस कसे."

पहिली हसली केझिया. मग सगळी सभा. चटयांवरच्या बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. पुढच्या खुर्च्यांवरचा एक म्हातारा एनोकाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तीन महिने पालापाचोळा खाल्लास आणि कळलं नाही?"

"कळलं होतं," एनोका म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं. तेरा घड मोजता येतात मला." त्याने गुडघ्यावरचा हात काढला. "पण तिने विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. तिने विचारलं नाही, ते बरं केलं."

पेरुसीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्याने तिला 'बरं केलंस' म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी एनोकाला पुढे बोलावलं, सगळ्यांसमोर, त्याच्या स्वतःच्या नावावर. आकडा सात. टाळ्या पडल्या. एनोकाने टोपी काढून दोन्ही बाजूंना वाकून दाखवलं.

"आता तुम्ही," डॉक्टर पेरुसीला म्हणाल्या. "मी कुणाची सून नाही की जावई नाही. द्या बोट."

पेरुसीने हसत हसत बोट दिलं. तिचं बोट पहिल्यांदाच टोचलं जात होतं. डॉक्टरांनी आकडा पाहिला, यंत्र झटकलं, दुसरं बोट टोचलं, पुन्हा पाहिला.

"तेरा," त्या म्हणाल्या. "तीन महिने दोन माणसांचं जेवण आणि वर फणस. यंत्राची काही चूक नाही."

एनोका सावकाश खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "मी आधीच सांगत होतो. सरकारी कागद खोटं बोलत नाही."

त्याच दिवशी डॉक्टर अपियोंनी नियम बदलला. यापुढे कुणी कुणाचं बोट धरायचं नाही. ज्याने त्याने आपलं आपण टोचायचं, नर्सने लांबून यंत्र बघायचं. हे बायकांना शिकवायचं काम त्यांनी पेरुसीलाच दिलं, कारण खोटं कसं चालतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तिच्या वर्गात नवऱ्यालाही बसावं लागे, आणि दोघांची बोटं तिच्यासमोर टोचली जात. केझियाच्या घोट्याची जखम पावसाळ्याआधी भरली. घरी ओलिव आता दोन सारखी ताटं वाढायची, दोन्हींत अर्धी भाजी आणि एक एक मूठ मटोके, आणि म्हातारा-म्हातारी एकमेकांच्या मुठी मोजत जेवायची. "तुझी मूठ मोठी आहे," तो म्हणायचा. "मग या, टोचून बघू," ती म्हणायची.

एनोका २०२२ च्या मार्चमध्ये गेला, एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुपारी झोपेत, दोन्ही पाय जागेवर असताना. पेरुसी त्यानंतरच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये गेली.