अंतरपाटाच्या वेळी गायब

लग्नाचा फोटोग्राफर असूनही जो अंतरपाट दूर होतानाचा फोटो काढतच नाही, असा माणूस भिवंडीत एकच. आमचे बाळारामदादा. मंगलाष्टकं सुरू झाली की दादा गायब. मग तो क्षण टिपायचं काम माझ्याकडे, कारण त्यांच्याबरोबर दुसरा कॅमेरा मी धरतो. कुठे जाता, असं विचारलं की म्हणायचे, "पोट बिघडलं." दर मुहूर्ताला नेमकं बिघडणारं पोट मी दुसरं पाहिलेलं नाही.

कामतघरला त्यांचा स्टुडिओ. शेजारी दिवसभर कापडाचे लूम खडखडतात, त्यामुळे दादांची कुजबुजसुद्धा रस्त्यापलीकडे ऐकू जाते. ग्रुप फोटोला तर विचारूच नका. "दात आत! हलू नका! हललात तर नातवंडं वळखनार न्हायत!" हसरा फोटो त्यांना मंजूरच नाही. एकदा एक नवरदेव हसायचा थांबेना, तर दादांनी त्याला सासूबाईंच्या शेजारी उभं केलं. लगेच थांबला.

गेल्या हिवाळ्यात पडघ्याजवळ एका फार्महाउसवर लग्न होतं. मुलीचे वडील गोदामवाले शेठ. हिरवळ, पांढरी फुलं, डोक्यावर ड्रोन आणि मुंबईहून आलेली कँडिड फोटो काढणारी पोरं. "न सांगता फोटो काढतात? ही तर चोरी झाली!" दादा म्हणाले.

शेठांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. "दादा, माज्या लग्नाचे फोटो तुमीच काढले. पोरीचा अंतरपाटाचा फोटो पन तुमच्याच हातचा पायजे."

दादांनी मान डोलावली. मी मनातल्या मनात देव पाण्यात घातले.

पहिलं मंगलाष्टक संपेपर्यंत दादा नाहीसे झाले होते. शेठांनी माझ्याकडे डोळे वटारले. "आन त्याला!"

मी बंगल्यामागे धावलो. आमच्याकडे मुलीवर अक्षता पडताना आईने बघायचं नसतं. तिने तुळशीला पाणी घालायचं. शेठाणी तांब्या घेऊन मंडपाकडे पाठ करून बसल्या होत्या. आणि आमचे दादा एका स्टुलावर चढून, कनातीवरून मान काढून, मंडपाकडे बघत आपल्या त्या कुजबुजीत सांगत होते,

"अंतरपाट धरलाय, वयनी. पोर सरळ उभी हाय, रडत न्हाय. नवरा घाम पुसतोय, पुसू दे. मामानं तिच्या खांद्यावर हात ठेवला... हसली! वयनी, सगले दात काढून हसली! हसू दे, हसू दे!"

शेठाणी हसत होत्या, रडत होत्या आणि पाणी घालतच होत्या. कुंडी भरून वाहिली, पैठणीचा काठ भिजला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. दादांना ओढून न्यायचा मला धीर झाला नाही. मी तसाच परत पळालो आणि फोटो मीच काढला.

अक्षता पडल्यावर शेठ तापले. भरल्या मांडवात दादांना बोलू लागले. दादा मान खाली घालून उभे. तेवढ्यात शेठाणी मध्ये आल्या. "त्यांना काय बोलू नका. त्यांच्यामुलं मी पोरीचं लगीन बघलं."

मग शेठ स्वतःच दादांचा हात धरून त्यांना जेवायला घेऊन गेले.

जेवताना मी विचारलंच, "दादा, हे कधीपासून?"

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "आमच्या सुमनच्या लग्नात तिची आय अशीच तुळशीपाशी व्हती. समदं उरकल्यावर मला इचारलं तिनं, 'पोर कशी दिसत व्हती ओ?' मी दमलेला. बोललो, 'अल्बम येईल, तवा बघ.'"

"मग?"

"अल्बम आला. ती त्याच्या आधीच गेली."

दादा सावकाश, चवीने जेवत होते, घरचं कार्य नीट पार पडल्यावर माणूस जेवतो तसे.