पहिल्या तक्रारदाराचा सत्कार

अल्पवयीन माणसाला सगळे हक्क असतात. ते वापरायला लागणारी सही तेवढी त्याच्याकडे नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी लालबागच्या एका मंडळानं कॅरमच्या खोलीत 'बाल व युवा हक्क मदत कक्ष' उघडला. उद्घाटनाला व्यासपीठावर अकरा जण होते. सरासरी वय एकसष्ट. (युवकांचा प्रतिनिधी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे येऊ शकला नाही.)

पहिला अर्ज श्रेया घाडीचा, वय सतरा. तिची आई ललिता चैत्रात गेली. वडील रमाकांत परळच्या एका टॉवरमध्ये लिफ्टमन, कायम दुसरी पाळी. पोरगी घरी एकटी नको, म्हणून त्यानं तिला कणकवलीला मावशीकडं पाठवायचं ठरवलं होतं. 'मला विचारलं नाही. मला इथंच बारावी करायची आहे,' असं तिनं लिहिलं. नियमाप्रमाणे अर्जावर पालकाची सही लागते, तक्रार पालकाविरुद्ध असली तरी. रमाकांतनं ती केली. घरातले कागद वाचायचं खातं ललिताचं होतं. त्याच्याकडं फक्त पेन.

कक्षानं गोपनीयता कडक पाळली. पण मंडळात पहिल्या कशाचाही सत्कार होतो, त्याला इलाज नाही. नाक्यावर फ्लेक्स लागला. श्रेयाचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी, खाली मजकूर: 'वडिलांविरुद्ध पहिली तक्रार. श्री. रमाकांत घाडी, खोली २३, यांच्या कन्येचं हार्दिक अभिनंदन.'

रमाकांत कामावर जाता जाता थांबला, फ्लेक्स दोनदा वाचला आणि तसाच अध्यक्ष शामरावांकडं गेला.

"ही पट्टी कशाला?"

"पोर ओळखू येऊ नये म्हणून."

"खाली नाव आहे."

"ते तुझं, रमाकांता. तिचं कुठं टाकलंय?"

रविवारी सुनावणी झाली. विषय नाजूक, मुलांच्या कानावर पडू नये, म्हणून श्रेयाला बाहेर बाकावर बसवलं. आत पाच सदस्यांनी तिच्या भल्याविषयी सात मतं मांडली. दीड तासानं ठराव झाला की सहा महिन्यांत ती अठराची होईल, मग तक्रारच उरणार नाही.

रमाकांत उठून बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला.

"जायचं नाही तुला?"

"नाही."

"मी येईपर्यंत एकटी राहशील?"

"मी गेल्यावर तुम्ही कोणाबरोबर राहणार होता, बाबा?"

 रमाकांतनं तिथूनच मेव्हणीला फोन लावून सांगितलं, पोरगी येत नाही.

अहवालात नोंद आहे: 'एक प्रकरण कक्षानं यशस्वीपणे निकाली काढलं.' वाचकांना नम्र विनंती, तुमच्याही घरी सतरा वर्षांचं कोणी असेल. त्याच्याशेजारी बसून त्याला काही विचारू नका. विचारलंत तर कक्षाला काम उरणार नाही. आजवर विचारलं नाहीत, तेच चालू ठेवा.