मिशीचा तपास

सुमेधच्या वरच्या ओठावर सावली पडली होती, आणि ती ट्यूबलाइटची नव्हती. जितेंद्रने चष्मा पुसून पाहिलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं.

"पप्पा, मी जेवतोय," सुमेध म्हणाला. त्याचा आवाज अर्ध्या वाक्यातच दोन पायऱ्या खाली उतरला.

साडेअकरा वर्षांचं पोर! मिशी लवकर आली की उंची लवकर थांबते, असं जितेंद्रने कुठेतरी वाचलं होतं. तो स्वतः पाच फूट तीन. मुलाने आपल्याशी वाकून बोलावं, एवढीच महत्त्वाकांक्षा त्याच्यात शिल्लक होती. दाराच्या चौकटीवर सहा फुटांपर्यंतच्या रेघा त्याने आगाऊ मारून ठेवल्या होत्या.

त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू संशयित झाली. प्लॅस्टिकचे डबे माळ्यावर गेले. बायकोचा, संपदाचा, वासाचा साबण जप्त झाला. दूधवाल्याची उलटतपासणी झाली. म्हशीची तेवढी राहिली. चौथ्या दिवशी गुन्हेगार सापडला.

"कोंबडीच! चाळीस दिवसांत दोन किलोची होते. तिला घाई, म्हणून पोराला घाई."

"कोंबडीला कुठे मिशी येते?" संपदाने विचारलं.

हा प्रश्न सोडून देऊन जितेंद्रने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'पालकांनो, सावध! मुलं लवकर वयात येत आहेत. रविवारी काय खाता, विचार करा.' नाव कुणाचंच नव्हतं. पण एव्हरशाईन सिटीतल्या त्यांच्या गल्लीत कोंबडीचं दुकान एकच, प्लासिडचं. रविवारी दुकानासमोर रांगेच्या जागी एक मांजर बसलं होतं.

संध्याकाळी प्लासिड मुलाचा दंड धरून दारात उभा.

"जितूभाऊ, हा माझा इग्नेशियस. चौदा पूर्न. रोज माझ्याच दुकानातली कोंबडी खातो. बोल रे!"

"गुड ईव्हनिंग, अंकल," इग्नेशियस कोकिळेच्या आवाजात म्हणाला.

"चर्चच्या कॉयरमध्ये अजून पोरींच्या रांगेत उभा ऱ्हातो. कुठं हाय मिशी? दाखवा!"

जितेंद्रने इग्नेशियसचं आधार कार्ड मागितलं. संपदाने दोघांना चहा दिला आणि नवऱ्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. म्हणजे, नाव सुमेधचं घातलं.

डॉक्टरांनी सुमेधला नीट तपासलं. "मुलांचं नऊ ते चौदात कधीही सुरू होतं. हा वेळेवर आहे, वजनही बरोबर. बाकी बरंचसं घराण्यातून येतं. तुम्हाला मिशी कधी फुटली?"

"बारावीत," जितेंद्र ठामपणे म्हणाला.

संपदाला हा ठामपणा ओळखीचा होता. तिने आगाशीला सासूबाईंना फोन लावला. दुसऱ्याच दिवशी मथुराबाई केळ्यांचा फणा आणि एक फोटो घेऊन आल्या. सहावी 'ब'. मागच्या रांगेत गुरुजींच्या खांद्याला खांदा लावून एक मिशीवाला इसम उभा होता.

"हा शाळेतला शिपाई का?"

"तुझा नवरा," मथुराबाई म्हणाल्या. "एसटीत अर्धं तिकीट मागितलं की कंडक्टर म्हणायचा, बाई, दिराचं पूर्ण काढा. रोजचं भांडण! वर्गात सगळ्यांत उंच होता हो."

"मग?"

"मग काय? तेवढाच राहिला."

जितेंद्र चौकटीवरच्या रेघांकडे बघत राहिला.

"तोंड पाडू नको," मथुराबाई म्हणाल्या. "उंचीला आईवर गेला, तर पोर सुटलं." संपदा जितेंद्रपेक्षा दोन इंच उंच होती. या घरात तो विषय निघत नसे, आज निघाला.

ग्रुपवरचा मेसेज पुसायची मुदत टळली होती. जितेंद्र स्वतःच दुकानात गेला, माफी मागितली आणि दोन किलो कोंबडी सांगितली. प्लासिडने ती तोडली. मग बाहेर डोकावून बघत शटर अर्धं खाली ओढलं.

"जितूभाऊ, आता खरं सांगा. कोनाला बोलनार नाय. सुमेधला काय चारता? आमच्या इग्नेशियसला पन चालू करतो."

"अरे, काही चारत नाही! बापावर जातं ते. तुला मिशी कधी आली?"

पंचेचाळिशीच्या प्लासिडने आपल्या गुळगुळीत ओठावरून बोट फिरवलं आणि सुरी पुसायला घेतली.

"येल म्हनतात," तो म्हणाला.