काहिलीतली सफर

पाहुण्यांची करमणूक कशी करावी, हे मी थेट आफ्रिकेत शिकून आलो होतो. झांबियातल्या एका साखर कारखान्यात मी दोन वर्षं इलेक्ट्रिशियन होतो. एकदा नदीकाठच्या सफारी लॉजचा जनरेटर दुरुस्त केला, तर मालकानं मला दोन दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतलं. काय थाट होता! पहाटे रानातून फेरी, मग होडीतून पाणघोडे बघायचे, दुपारी गळ टाकून मासे धरायचे, दिवस कलताना काठावर खुर्च्या मांडून चहा. नुसतं बसलं तरी मोठ्या कामात असल्यासारखं वाटायचं.

त्यामुळं १९९४ साली कऱ्हाटीचे पाहुणे आमच्या स्वरूपाला बघायला येणार म्हटल्यावर मी बायकोला, कौसल्येला, सांगून टाकलं, "पोहे सगळेच देतात. आपण सफर घडवू."

"पोरगी दाखवायची हाय, नदी न्हाय," ती म्हणाली.

पण आमचं रान नीरेच्या काठाला. होडी नव्हती, म्हणून गुऱ्हाळावरची गूळ करायची भली मोठी पसरट कढई, म्हणजे काहील, मागून आणली. काहिलीतून नदी ओलांडणं आमच्याकडं नवं नाही. मुलाचे वडील बापूसाहेब आणि आई साखरबाई यांना आत बसवलं आणि मी फावड्यानं वल्हवायला लागलो. मुलगा नागेश पोहता येत नाही म्हणून कौसल्येजवळ काठावरच थांबला. पोहता त्याच्या आईवडिलांनाही येत नव्हतं, पण ते त्यांनी मध्यावर गेल्यावर सांगितलं.

"आमच्या कऱ्हेला पाणी कुठं असतं पवायला?" साखरबाई म्हणाल्या.

काहील पुढं कमी आणि स्वतःभोवती जास्त फिरत होती. मी करकोचा दाखवायचो, तोवर बापूसाहेबांसमोर ऊस आलेला असायचा. साखरबाई मात्र शांत. "बसल्याजागी समदं रान दिसतंय," त्या म्हणाल्या.

पलीकडं आमची चंद्री म्हैस डुंबत होती. "हिला पाणघोडा समजा," मी म्हणालो.

काहील घासली होती, पण तिच्या कडेला काकवीचा वास राहिला होता. चंद्री पोहत आली, त्या कडेवर हनुवटी टेकवली आणि चाटायला लागली. काहील कलली, पाणी आत आलं. मी म्हशीला फावड्यानं ढकलायला गेलो आणि फावडंच नदीत गेलं.

"आता आफ्रिकेत काय करत्यात?" बापूसाहेबांनी विचारलं.

मी हातानंच पाणी मारायला लागलो.

तेवढ्यात काठावर चहाचा ट्रे घेऊन आलेल्या स्वरूपानं ट्रे नागेशच्या हातात दिला, काठापदराची साडी खोचली आणि पाण्यात सूर मारला. पोचल्या पोचल्या म्हणाली, "मावशी, मामा, तिकडच्या अंगाला सरका. आप्पा, तुमी कायबी करू नका."

तिनं चंद्रीच्या गळ्यातलं लोंबतं दावं काहिलीच्या कडीत अडकवलं, शिंग धरून म्हशीचं तोंड काठाकडं वळवलं आणि हाक घातली. म्हैस निघाली, मागून आम्ही तिघं. इतकी सरळ ती काहील माझ्या हातून एकदाही गेली नव्हती.

काठावर आम्ही चौघं निथळत उभे. स्थळ गेलं, असं मी मनाशी धरलं होतं.

साखरबाईंनी स्वरूपाचा हात धरला. "पवायला कुणी शिकिवलं?"

"आईनं."

नागेश अजून ट्रे धरूनच होता. "मला शिकिवशील?" त्यानं विचारलं. स्वरूपा हसली आणि त्याच्या हातातून ट्रे घेतला.

बापूसाहेबांनी पागोटं पिळलं. "पोरगी पसंत हाय. लगीन कऱ्हाटीला करू. समदी तयारी आमी करतो. तुमी निस्तं जेवायला या."

"मी बसवून ठिवते त्यास्नी," कौसल्या म्हणाली.