मन्मथअप्पांची सराई

दिवेलागणीच्या सुमारास मन्मथअप्पांकडे चहाला जाऊ नये. गेलात, तर दुसऱ्या दिवशी उजाडल्यावरच घरी याल.

अप्पा आमचे समोरचे शेजारी. धारूरचा घाट चढून आलं की जी दगडी सराई लागते, तिची राखण निजामाच्या काळापासून त्यांच्या घराण्याकडे आहे. त्या काळी अंधार पडायच्या आत व्यापारी घोडी-उंटांसकट आत यायचे, दरवाजा बंद व्हायचा आणि उजाडल्याशिवाय उघडायचा नाही. बाहेर लुटारू असत म्हणे. आता बाहेर फक्त पाणीपुरीची गाडी असते. तरी दरवाजा बंद होतोच, आणि आत जो सापडेल तो मुसाफिर.

"सराईचा कायदा हाय!" म्हणत अप्पा अडसर सरकवतात आणि त्यालाच टेकून बसतात.

या कायद्यात विजेचं मीटर बघायला आलेला माणूस सापडला, मतं मागायला आलेला उमेदवार सापडला, एकदा तर मुलगी बघायला निघालेला नवरदेव सापडला. मुलीकडचे बिचारे पोहे झाकून बसले होते. मीही सापडलोय. घाबरून बायकोला फोन केला, तर तिनं दाराच्या फटीतून माझ्या बीपीच्या गोळ्या आत सरकवल्या आणि निवांत मालिका बघायला गेली.

आत सापडलं की सराई बघणं आलंच.

"सर, ही कमान कावून एवढी उंच? सांगा!"

मी मान वर करून कमान बघतो, तोवर उत्तर अप्पाच देतात.

"उंटावरच्या मानसाला मान लववावी लागू न्हाई म्हणून!"

मग ते पटवून घेण्यासाठी कमानीखालून उंटावर बसल्यासारखं डुलत जावं लागतं. अप्पा मागून ओरडतात, "अजून डुला! उंट हाय, सायकल न्हाई!" त्यानंतर ओवऱ्या, दिव्यांच्या देवळ्या, घोड्यांचा हौद. बाकी गावांत बादशहा मुक्कामाला राहून गेलेले असतात. अप्पा थापा मारत नाहीत. "हितं बादशाच्या हत्तीचा माहूत झोपलता," ते सांगतात. "हत्ती भाईर हुता."

अप्पांची बायको वारली, मुलं पुण्याला. मुलं सारखी बोलावतात. अप्पांचं उत्तर ठरलेलं, "मी गेलो आन् मुसाफिर आला तर?" पण आपल्या पायानं मुक्कामाला आलेलं माणूस मी तरी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे पकडून ठेवलेले. हे त्यांनाही कळत होतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटायचं.

यंदा दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेल्यांचा ट्रॅक्टर घाटात बंद पडला. दिवस मावळायला चार-सहा कुटुंबं बोचकी घेऊन दाराशी आली. एक म्हातारी पुढं झाली.

"अप्पा, आजच्या रोज टेकू द्याल का?"

अप्पांना कायदा आठवेना, उंटही आठवेना. ते नुसते धावत सुटले. ओवऱ्या झाडल्या, हौद भरला, देवळीदेवळीत पणत्या लावल्या. आम्हा नवरा-बायकोलाही आत ओढलं. बायकोनं मालिका सोडून भाकरी थापल्या. पोरं कमानीखालून डुलत होती आणि अप्पा लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

सकाळी ट्रॅक्टर दुरुस्त होऊन बाहेर हॉर्न वाजवू लागला. मंडळी बोचकी उचलून दाराशी उभी राहिली. अप्पा अडसराला पाठ लावून उभे. ऊन चांगलं अंगणभर पसरलं होतं.

"अजून उजाडलं न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

टोळीचा मुकादम काही बोलणार, तोच म्हातारीनं बोचकं खाली ठेवलं आणि त्यावर बसली.

"बसा रं समदे," ती म्हणाली. "अप्पांचं उजाडू द्या."