काळ्या तिळाचे गोड बन

मंडळी, स्वयंपाक ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे! हे वाक्य मी जेवणाच्या टेबलावर बायकोच्या तोंडावर म्हणालो, आणि वर हसलोही! ज्या माणसानं सरकारी कचेरीत उभा जन्म साहेबांना घोळात घेतलं, त्याला पिठाचा गोळा काय जड?

प्रसंग असा होता. आमचे वडील तात्यासाहेब, तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून, वय चौऱ्याऐंशी, रुसून सोयगावला माझ्या धाकट्या भावाकडे, लक्ष्मणकडे, निघून गेले होते. कारण? पेढा! त्यांना साखरेचा आजार. पाहुण्यांसमोर त्यांनी पेढ्यांच्या पुड्यात हात घातला आणि मी पाहुण्यांसमोरच पुडा ओढून घेतला. झालं! तात्यासाहेब उठले आणि पिशवी भरू लागले.

"रझाकाराच्या काळातसुद्धा माझ्या हातातला खाऊ कुणी ओढला नव्हता!" असं म्हणून त्यांनी जी चप्पल घातली, ती थेट सोयगावला जाऊन काढली.

पंधरवडा गेला आणि त्यांचा फोन आला. "उद्या सकाळी येतो. उरलेले कपडे आणि माझी खुर्ची घेऊन जातो. कायमचा!"

खरं सांगतो, त्यांची रिकामी खुर्ची बघितली की मला घास उतरत नव्हता. शिवाय लोक काय म्हणतील? सदाशिवला बाप जड झाला! या दोन्हींतलं आधी काय सुचलं ते मात्र विचारू नका.

"मी शिरा करून ठेवते," पद्मजा म्हणाली. "डॉक्टरांनी कधीमधी थोडं गोड चालेल म्हटलंय. मला पहाटेच वेरूळला निघायचंय, मामांकडे श्राद्धाचं जेवण आहे." पितृपक्ष चालू होता.

"शिरा? शिऱ्यानं रुसलेला माणूस थांबतो होय? तात्या लहानपणी शहागंजातल्या भट्टीवरचा गरम गोड बन खायचे, अजून मिटक्या मारत सांगतात. मी बन करणार!"

"तुम्ही?"

"अगं, पीठ तयार मिळतं! मळलेलं, आंबवलेलं, पाकिटात! गोळे करायचे, फुगू द्यायचे, भाजायचे. माकडसुद्धा करील!"

"मग माकडालाच सांगा," ती म्हणाली. "परवा मिशी कापतानाही तुम्हाला असाच आत्मविश्वास होता."

हा घाव वर्मी लागला. परवा मी घरच्या घरी मिशी कोरायला बसलो होतो. डावी बाजू जरा जास्त कापली गेली, म्हणून उजवी कापली. उजवी त्याहून जास्त गेली, म्हणून पुन्हा डावी. शेवटी दोन्ही बाजू अगदी बरोबर झाल्या, म्हणजे राहिल्याच नाहीत!

सकाळी पद्मजा गेली आणि मी मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातली बाई लांब नखांनी पीठ दाबत होती आणि दर वाक्याला "इतकं सोप्पं!" म्हणत होती. तिच्या ओट्यावर पिठाचा कण नव्हता. माझ्या मात्र भुवयांवर होता! मॉलमधून आणलेलं ते पीठ रात्रीतून असं सैल झालं होतं की हाताला चिकटलं तर सोडेना. सदरा खराब होऊ लागला म्हणून तो काढला. विजार भरली म्हणून ती काढून पंचा नेसलो. शेवटी गूळखोबरं भरून कसेबसे गोळे वळले.

"आता वरून पांढरे तीळ," बाई म्हणाली. पांढरे नव्हते. श्राद्धासाठी आणलेल्यातले काळे तीळ डब्यात होते. तीळ तो तीळ! घातले.

"आता बटर पेपर," बाई म्हणाली. तो कुठला आमच्या घरात? पण श्राद्धासाठीच आणलेल्या पत्रावळी होत्या. एक घेतली, गोळे मांडले.

"आता उबदार जागी ठेवा." सकाळचं ऊन आमच्या फक्त गॅलरीत येतं. मी पत्रावळ कठड्यावर ठेवली आणि ते फुगायची वाट बघत समोर उभा राहिलो.

तर मंडळी, आता तुम्ही समोरच्या घरातून बघा. पितृपक्ष, उघडाबंब माणूस, नेसूला पंचा, मिशी सफाचट, पुढ्यात पत्रावळ, तिच्यावर कणकेचे गोळे, गोळ्यांवर काळे तीळ! आणि ज्या खुर्चीत पंधरा दिवसांमागं रोज एक म्हातारा बसायचा, ती रिकामी!

समोर राहतात मनकर्णाबाई. गल्लीत कुणाच्या घरी कितव्या शिट्टीला भात होतो हे त्यांना पाठ. त्या कपडे वाळत घालायला गॅलरीत आल्या आणि थबकल्या. मग त्यांनी डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. बाई आज फार अदबीनं वागतायत असं वाटून मीही हात जोडले. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, कांदा चिरून आल्या असतील.

एवढ्यात कावळा आला!

"हाऽड! हाऽड!" मी टॉवेल फिरवला.

"अवो भाऊ!" मनकर्णाबाई किंचाळल्या. "हाकलू नका त्याला! शिवू द्या!"

"शिवू कशाला देऊ? घाम गाळून केलेत मी!"

"आवं, काय बोलता! तात्यासायबांची कायतरी इच्छा राह्यली आसंल! काय इच्छा व्हती त्यांची?"

आमच्या घरातलं पेढाप्रकरण यांना कळलं वाटतं, असं समजून मी ओशाळलो. "दुसरं काय? गोड खायची! मीच खाऊ दिलं नाही. म्हणून तर हे करतोय!"

"आरं माज्या करमा!" म्हणून बाईंनी जो टाहो फोडला, त्यानं कावळा आपसूक उडाला. मी पत्रावळ उचलून आत आलो. शेजाऱ्याच्या घरगुती भांडणाचं इतकं मनाला लावून घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली!

आमच्याकडे ओव्हन नाही. व्हिडिओतली बाई म्हणाली, जाड पातेल्यात मीठ घालून तापवा, वर ताटली ठेवून भाजा, इतकं सोप्पं. मी गॅस मोठा केला, बन ताटलीत ठेवून वर झाकण घातलं. गोळ्यांतून गूळ पाझरला आणि गरम मिठात पडला. मग जो धूर निघाला, त्यानं घरात मला माझाच हात दिसेना! माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

तात्या! मी तसाच, नाक पुसत, दार उघडलं.

दारात पांढऱ्या कपड्यांतली दहाबारा माणसं! सगळ्यांत पुढं मनकर्णाबाईंचे यजमान कारभारी. त्यांनी मला मिठीच मारली.

"भाऊ, आमाला परकं समजलात ना? सोयगावला परस्पर सगळं उरकलं, आन् शेजाऱ्याला फोन नाय?"

"अहो, फोन काय करायचा, त्यात?" मला वाटलं, तात्या रुसून गेले हे मी सांगितलं नाही म्हणून हे नाराज आहेत. "घरातली गोष्ट. उगाच चर्चा नको म्हणून..."

"लई झाकून ठेवलंत दुःख! रडा, मोकळं व्हा."

"रडत नाही हो, धूर आहे!"

कारभाऱ्यांनी बाकीच्यांकडे बघून मान हलवली आणि मला धरून सतरंजीवर बसवलं. मंडळी एकेक करून बोलू लागली. देवमाणूस होते! शिस्तीचा माणूस! गल्लीचा आधार! गाडी दारात लावली म्हणून तात्यांनी ज्याच्या टायरची हवा सोडली होती, तोच सगळ्यांत जास्त हुंदके देत होता. मला वाटलं, रुसलेल्या म्हाताऱ्याला परत आणायला गल्ली एकवटली! माझा ऊर भरून आला.

"काळजी करू नका," मी म्हणालो. "तात्या येतीलच आता. सोयगावची गाडी यायची वेळ झालीय."

कारभारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "व्हय भाऊ, येतील. तुमी पाणी प्या."

इतक्यात मनकर्णाबाई पिठलं-भाकरीचं झाकलेलं ताट घेऊन आल्या आणि स्वयंपाकघरात शिरल्या. "अगंबाई! सुतकाच्या घरात चूल पेटवली? आमी मेलो व्हतो का?" म्हणत त्यांनी खाडकन गॅस बंद केला.

"बाई, गॅस नका बंद करू! बन कच्चे राहतील!" मी उठू लागलो. दोघांनी मला दाबून धरलं. सुतक? कुणाचं सुतक? मी तोंड उघडणार, तोच काकासाहेब आले.

काकासाहेब म्हणजे आमच्या वॉर्डातून निवडणुकीला उभं राहायचं ठरवून बसलेले गृहस्थ. कुणाचं बारसं असो वा दहावा, काकासाहेबांचा हार ठरलेला! त्यांनी गंभीर चेहऱ्यानं चौफेर बघितलं. "फोटो कुठाय?"

"कुणाचा फोटो?"

"तात्यासाहेबांचा. हार घालायचाय. गल्लीच्या तोंडाशी आपण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावलाय, तो बघून घ्या एकदा."

मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला! मी मोबाइल घेतला. गल्लीच्या ग्रुपवर कारभाऱ्यांचा 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. खालच्या मजल्यावरच्या एकानं तर घाईघाईत 'हार्दिक अभिनंदन' टाकलं होतं!

"अहो, तात्या जिवंत आहेत!" मी ओरडलो.

"आपल्या मनात ते कायम जिवंत राहतील," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी भाषणालाच सुरुवात केली.

"सदा!"

दारात तात्यासाहेब! हातात पिशवी, डोक्यावर टोपी, डोळ्यांत अंगार. मनकर्णाबाई "आईऽऽ" करून भिंतीला टेकल्या. टायरवाला दोन्ही पायांनी सोफ्यावर चढला. काकासाहेबांच्या हातातला हार मात्र हातातच राहिला, कारण तो कुणाला घालायचा हेच त्यांना समजेना.

"गल्लीच्या तोंडाशी माझी तसबीर टांगलीय," तात्या म्हणाले. "माझं तोंड एवढंसं, आणि खाली याचं थोबाड परातीएवढं! मेलं कोण, मी की हा?"

मी पाया पडलो, घडलेलं सगळं सांगितलं. बन, पीठ, तीळ, कावळा. तात्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं.

"मिशी कुठाय?"

"ती... कापताना..."

"शाब्बास! बाप बसमध्ये, आणि चिरंजीव मिशी काढून मोकळे! इतकी घाई तर तहसिलीत वारसाच्या नोंदीलासुद्धा मी कधी बघितली नाही. काढ माझे कपडे! खुर्ची रिक्षात ठेव!"

हे असेच गेले, तर मी जन्मभर याच गल्लीत कुठल्या तोंडानं राहू? आणि रोज त्या रिकाम्या कोपऱ्याकडे कसं बघू? मी धावत आत गेलो, पातेल्यातून बन काढला, बशीत घालून पुढं केला. "तात्या, चुकलो. तुमच्यासाठी केलाय. एक घास तरी खा."

तात्यांचा चेहरा जरा निवळला. त्यांनी बन हातात घेतला, वास घेतला, चावा घेतला. खाली जळून कडक, आत कच्चा चिकट! तात्यांनी बन ओढला, तर त्याच्याबरोबर वरची कवळीही बाहेर आली! बनाला दात फुटले आणि तात्या बोळके झाले. दहाबारा माणसं श्वास रोखून बघत होती. हसायची सोय नव्हती, कारण सगळे सांत्वनाला आलेले!

मनकर्णाबाईंनीच सोडवलं. कवळी धुऊन आणली आणि पिठलं-भाकरीचं ताट तात्यांपुढं ठेवलं. "घ्या तात्यासायेब. तुमच्याच नावानं केलंय."

तात्या आपल्या खुर्चीत बसले आणि शांतपणे जेवू लागले. मधेच कारभाऱ्यांकडे बघून म्हणाले, "हं. माझ्याबद्दल काय काय म्हणत होतात? थांबू नका. एकेकानं सांगा."

पर्याय काय होता? देवमाणूस, शिस्तीचा माणूस, गल्लीचा आधार, सगळं पुन्हा झालं! टायरवाल्याला तर त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. काकासाहेबांनी भाषण पुरं केलं आणि तो हार शेवटी तात्यांच्या गळ्यात घातला. तात्यांनी हात पुसले, हार सारखा केला आणि म्हणाले, "सदा, पिशवी आत ठेव. मी इथंच राहतो."

माझा आनंद गगनात मावेना! "तात्या! म्हणजे बन आवडला?"

"बन? अरे, सोयगावात मी खरंच मेलो, तर लक्ष्मणच्या दारात चार माणसं जमायची मुश्कील. आणि इथं मी धडधाकट असून एवढी गर्दी! अशी गल्ली सोडून कोण बेअक्कल जाईल? फक्त एक बंदोबस्त कर."

"बोला ना, तात्या!"

"स्वयंपाकघरात तू पुन्हा शिरू नकोस. एकाच महिन्यात या मंडळींना दोनदा बोलावणं बरं दिसत नाही."